सेव्ह केलं की टेस्ट धावलीच पाहिजे: टर्मिनलमधून आपोआप युनिट टेस्ट

अर्धविराम

कोड बदला, सेव्ह करा, टर्मिनलवर जा, वरचा बाण दाबून जुना आदेश आणा, चालवा, निकाल वाचा, परत एडिटरमध्ये या. ही फेरी इतकी अंगवळणी पडते की तिचा त्रास जाणवत नाही. मग 'अजून थोडं लिहून घेऊ, मग टेस्ट बघू' असं व्हायला लागतं आणि चूक नेमकी कुठल्या ओळीने आणली ते शोधायला वेळ जातो. चार ओळी बदलल्या आणि लगेच टेस्ट फेल झाली, तर चूक त्या चार ओळींतच असते. आपोआप टेस्ट चालवण्याचा खरा फायदा तो.

त्यासाठी आयडीई बदलायची गरज नाही. टर्मिनल आणि एक छोटं साधन पुरतं. या धाग्यात ते नीट बसवू या. आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

सुरुवातीला माझी शिफारस एन्टरची. नावाचं स्पेलिंग ई-एन-टी-आर, कीबोर्डवरच्या कळीशी गल्लत नको. लिनक्स, मॅक आणि बीएसडी तिन्हींवर चालतं आणि पॅकेज मॅनेजरमधून थेट बसतं. त्याला फाइल्सची यादी पाइपमधून द्यायची, आणि यादीतली कुठलीही फाइल बदलली की चालवायचा आदेश पुढे लिहायचा:

गिट एलएस-फाइल्स -सीओ --एक्स्क्लूड-स्टँडर्ड | एन्टर -सी पायटेस्ट -क्यू

पायटेस्ट हे पायथॉनच्या टेस्ट चालवणारं साधन, -क्यू ने त्याचा आउटपुट आटोपशीर येतो. गिटकडून यादी घेण्याचं कारण साधं आहे. फाइंडने यादी काढली तर व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट, नोड मॉड्यूल्स, बिल्डचा कचरा सगळं आत येतं. गिट तुमची दुर्लक्ष-यादी (गिटइग्नोर फाइल) पाळतं. नुसतं गिट एलएस-फाइल्स दिलं तर अजून ॲड न केलेल्या फाइल्स सुटतात, म्हणून -सीओ आणि --एक्स्क्लूड-स्टँडर्ड दोन्ही हवेत. आदेश प्रोजेक्टच्या मुळाशी उभं राहूनच द्यावा, कारण गिट फक्त चालू डिरेक्टरीच्या खालची यादी देतं.

-सी ने प्रत्येक वेळी स्क्रीन पुसली जाते. दोनदा दिलं, म्हणजे -सीसी, तर वर स्क्रोल केल्यावर दिसणारा जुना आउटपुटही जातो. मी दोनदाच देतो. मागच्या धावेतला एरर या धावेतला समजून वाचणं फार सोपं असतं.

एन्टर चालू असताना स्पेस दाबली की टेस्ट लगेच धावते, क्यू दाबलं की बंद.

एक मर्यादा पहिल्याच दिवशी आडवी येते. यादी सुरुवातीला एकदाच वाचली जाते, त्यामुळे नंतर बनवलेली नवी फाइल एन्टरला माहीत नसते. त्यावर उपाय -डी. हा पर्याय दिला की यादीतल्या फाइल्स ज्या डिरेक्टरींत आहेत त्यांवरही लक्ष राहतं आणि नवी फाइल आली की एन्टर बंद होतं. ते बंद झालं की यादी पुन्हा काढून परत सुरू करायचं, म्हणून सगळं लूपमध्ये:

व्हाइल स्लीप ०.१, डू गिट एलएस-फाइल्स -सीओ --एक्स्क्लूड-स्टँडर्ड | एन्टर -डी -सीसी पायटेस्ट -क्यू, डन

तो स्लीप काढू नका. लूप थांबवण्यासाठी कंट्रोल-सी दाबायला तीच फट मिळते, आणि काही कारणाने एन्टर सुरूच झालं नाही तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जात नाही.

---

टर्मिनलकर

उत्तम सुरुवात. पर्याय म्हणून वॉचएक्झेकचं नाव जोडतो. रस्टमध्ये लिहिलेलं आहे, विंडोजवरही चालतं. त्याला यादी द्यावी लागत नाही. डिरेक्टरीवर लक्ष ठेवतं, त्यामुळे नवी फाइल आपोआप धरली जाते, आणि गिटची दुर्लक्ष-यादी न सांगता पाळतं:

वॉचएक्झेक -ई पीवाय,टॉमल -सी -- पायटेस्ट -क्यू

-ई म्हणजे कुठली एक्स्टेन्शन बघायची. मधल्या दोन आडव्या रेघा विसरू नका. त्यांच्या पुढचं सगळं चालवायच्या आदेशाचं. त्या गाळल्या तर पायटेस्टसाठी लिहिलेला एखादा पर्याय वॉचएक्झेक स्वतःचा समजू शकतं.

एन्टरपेक्षा याची एक बाजू खूप चांगली आहे. टेस्ट चालू असतानाच पुन्हा सेव्ह झालं तर काय करायचं ते ठरवता येतं. --ऑन-बिझी-अपडेट ला चार किंमती देता येतात: दुर्लक्ष करा, रांगेत ठेवा, चालू धाव मारून नवी सुरू करा, किंवा चालू प्रोसेसला सिग्नल द्या. युनिट टेस्टसाठी मारून नवी सुरू करणं योग्य, कारण जुन्या कोडचा निकाल कुणालाच नको असतो. डेटाबेसला हात लावणाऱ्या टेस्ट असतील तर रांगेत ठेवा. अर्ध्यात मारलेली टेस्ट आपला पसारा आवरत नाही, आणि पुढच्या धावेला 'टेबल आधीच आहे' किंवा 'पोर्ट वापरात आहे' असे एरर दिसतात. त्यांचा तुमच्या बदलाशी काहीही संबंध नसतो.

---

रिकामीओळ

लिनक्सवर आयनोटिफायवेट (आयनोटिफाय या कर्नलच्या सोयीतून फाइल बदलल्याची वर्दी देणारा आदेश) वापरून लूप केलंय. एडिटर विम. दोन लक्षणं दिसतात. एकदा सेव्ह केलं तरी टेस्ट दोन-तीनदा धावते. आणि एकाच फाइलवर लक्ष ठेवलं तर पहिल्या सेव्हनंतर काहीच होत नाही. चूक लूपमध्ये आहे की विममध्ये?

---

उणेएक

@रिकामीओळ, दोन्हीकडे थोडी थोडी. विम सेव्ह करताना काय करतं ते आधी डोळ्यांनी बघा. एका टर्मिनलमध्ये आयनोटिफायवेट -एम आणि पुढे डिरेक्टरीचं नाव देऊन ठेवा, दुसऱ्यात विममधून एक फाइल सेव्ह करा. साधारण हा क्रम दिसेल:

आधी ४९१३ नावाची फाइल बनते आणि लगेच पुसली जाते. या डिरेक्टरीत नवी फाइल बनवता येते का, हे विम अशा प्रकारे तपासतं. मग तुमच्या मूळ फाइलचं नाव बदलून शेवटी नागमोडी चिन्ह लागतं. हा बॅकअप. मग मूळ नावाची अगदी नवी फाइल बनते, तीत मजकूर लिहिला जातो, ती बंद होते. शेवटी नागमोडी चिन्हवाला बॅकअप पुसला जातो.

म्हणजे एका सेव्हमागे आठ-दहा घटना. तुमचं लूप त्यांतल्या प्रत्येकीला 'बदल झाला' समजत असेल तर टेस्ट अनेकदा धावणारच.

दुसऱ्या लक्षणाचं उत्तरही याच क्रमात आहे. आयनोटिफाय नावावर नव्हे, आयनोडवर (फाइल सिस्टिममधली फाइलची स्वतःची नोंद, नाव बदललं तरी तीच राहते) लक्ष ठेवतं. तुम्ही ज्या आयनोडवर डोळा ठेवला होता तो नागमोडी नाव घेऊन गेला आणि पुसला गेला. मूळ नावाची फाइल आता वेगळ्याच आयनोडवर आहे आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. म्हणून आयनोटिफायवेट नेहमी डिरेक्टरीवर लावावं, एकट्या फाइलवर नाही. एन्टर ही नाव-बदलाची भानगड स्वतः सांभाळतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

घटनांची निवड: -ई क्लोज_राइट,मूव्ह्ड_टू. पहिली घटना जागच्या जागी लिहिणाऱ्या एडिटरसाठी. दुसरी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून नाव बदलणाऱ्यांसाठी. जेटब्रेन्सच्या आयडीईंतला 'सेफ राइट' असाच चालतो. मॉडिफाय ही घटना टाळा. लिहायला सुरुवात करताना फाइल आधी रिकामी केली जाते आणि मॉडिफाय तेव्हाही येते. टेस्ट त्याच क्षणी सुरू झाली तर रिकामी फाइल वाचली जाते आणि 'हे फंक्शनच सापडत नाही' असा एरर मिळतो. दुसऱ्या सेकंदाला सगळं ठीक असतं. ही चूक शोधताना माणूस हैराण होतो.

गाळायच्या फाइल्स: --एक्स्क्लूड ला रेग्युलर एक्स्प्रेशन द्या आणि त्यात ४९१३, नागमोडी शेवट, विमच्या स्वॅप फाइल्स घाला. ईमॅक्सवाल्यांनी टिंब-हॅशने सुरू होणाऱ्या लॉक फाइल्स आणि दोन हॅशांमधल्या ऑटोसेव्ह फाइल्सही घालाव्यात.

विममध्येच मिटवायचं असेल तर सेट बॅकअपकॉपी=येस. मग विम मूळ फाइलची प्रत काढून ठेवतं आणि मूळ फाइलमध्येच लिहितं. आयनोड तोच राहतो.

---

काटकोन

उणेएक यांच्या उत्तरात लूपबद्दल भर. आयनोटिफायवेटचे दोन प्रकारचे लूप लोक वापरतात आणि दोन्हींत एकेक खड्डा आहे.

पहिला: 'व्हाइल आयनोटिफायवेट ...; डू पायटेस्ट; डन'. इथे टेस्ट चालू असताना लक्ष ठेवणारं कुणीच नसतं. त्या वेळात केलेलं सेव्ह हरवतं. स्क्रीनवर हिरवं दिसतं, पण ते आधीच्या कोडचं. चुकीचा हिरवा निकाल हा निकाल नसण्यापेक्षा वाईट.

दुसरा: आयनोटिफायवेट -एम चा आउटपुट पाइपने 'व्हाइल रीड' मध्ये. इथे काही हरवत नाही, पण सगळं साठतं. 'रिप्लेस ऑल' करून बारा फाइल्स बदलल्या तर टेस्ट बारा वेळा धावते. उपाय असा: पहिली ओळ वाचली की आत आणखी एक छोटं लूप लावा, रीड -टी ०.२, आणि त्यात येतील त्या ओळी नुसत्या टाकून द्या. ०.२ सेकंद शांतता झाली की मगच टेस्ट. यालाच डिबाउन्स म्हणतात. वॉचएक्झेकमध्ये तो अंगभूत आहे, ५० मिलिसेकंदांचा. पाइपच्या लूपमध्ये टेस्टच्या आदेशाला स्टँडर्ड इनपुट म्हणून डेव्ह-नल द्यायला विसरू नका, नाहीतर इनपुट वाचणारा एखादा प्रोग्राम घटनांच्या ओळीच गिळून टाकतो.

मॅकवर आयनोटिफाय नाही, तिथे एफएसवॉच आहे. एफएसवॉच -ओ दिलं की घटनांच्या एका जुडग्यामागे एकच ओळ मिळते, ती एक्सआर्ग्स -एन१ ला द्यायची. -एल ने जुडगं किती वेळात बांधायचं ते ठरतं. सेव्ह केल्यावर उगाच थांबल्यासारखं वाटत असेल तर तो आकडा कमी करा.

---

मूळपान

साधन कुठलंही घ्या, पण टेस्टला अर्धं मिनिट लागत असेल तर हे सगळं वाया. निकाल यायच्या आत मन दुसरीकडे जातं. दोन-तीन सेकंद ही मी हद्द मानतो. म्हणून 'कशावर लक्ष ठेवायचं' याच्या दुप्पट विचार 'काय चालवायचं' यावर करावा.

पायटेस्टमध्ये लूपसाठी माझी जोडी: -एक्स --एफएफ. एफएफ म्हणजे मागच्या वेळी फेल झालेल्या टेस्ट आधी, बाकीच्या नंतर. एक्स म्हणजे पहिल्या फेलला थांबा. मोडलेली टेस्ट अर्ध्या सेकंदात पुन्हा लाल होते, आणि ती पास झाली की बाकीच्या आपोआप धावतात. --एलएफ फक्त फेल झालेल्याच चालवतं. फेल काहीच नसेल तर ते सगळ्या टेस्ट चालवतं, हे लक्षात असू द्या. लोकांना वाटतं पर्याय बिघडला. मोठी दुरुस्ती एकेक पायरीने करताना --एसडब्ल्यू चांगलं: पहिल्या फेलला थांबतं आणि पुढच्या धावेला तिथूनच सुरू होतं.

हळू टेस्ट शोधायला --ड्युरेशन्स=१०. पहिल्या दहांत नेटवर्क, स्लीप किंवा डेटाबेस उभारणी दिसली तर त्या टेस्टना 'स्लो' मार्कर लावा आणि लूपमध्ये -एम 'नॉट स्लो' द्या.

एक्सडिस्ट या प्लगइनने टेस्ट समांतर चालवणं लूपसाठी नेहमी फायद्याचं नसतं. वर्कर उभे करण्यातच वेळ जातो. एकूण टेस्ट दोन सेकंदांच्या असतील तर -एन ऑटो दिल्यावर त्या जास्त वेळ घेतील.

टेस्टमॉन नावाचं प्लगइनही आहे. कुठल्या टेस्टने कुठला कोड गाठला याची नोंद ते ठेवतं आणि बदललेल्या कोडशी संबंधित टेस्टच चालवतं. सुंदर चालतं, पण त्याचं लक्ष पायथॉन कोडवर असतं. टेम्प्लेट, जेसन, एसक्यूएलची फाइल बदलली तर त्याला कळत नाही.

---

टर्मिनलकर

बाकी भाषांचं थोडक्यात.

जावास्क्रिप्टमध्ये जेस्ट --वॉच बदललेल्या फाइल्स गिटला विचारतं. म्हणून रिपॉझिटरी नसेल तर चालत नाही, आणि कमिट केल्याबरोबर 'संबंधित टेस्ट सापडल्या नाहीत' असं सांगतं. बिघाड नाही, ए दाबा, सगळ्या धावतील. पी ने फाइलच्या नावावरून, टी ने टेस्टच्या नावावरून गाळता येतं, एफ ने फक्त फेल झालेल्या. व्हिटेस्ट टर्मिनलमध्ये नुसतं चालवलं की वॉच मोडमध्येच सुरू होतं. एकदाच धावायला हवं असेल तर व्हिटेस्ट रन.

गोमध्ये पास झालेल्या पॅकेजचा निकाल कॅशमधून येतो, शेवटी 'कॅश्ड' लिहिलेलं दिसतं. त्यामुळे सगळी पॅकेजेस चालवली तरी फक्त बदललेल्यांचाच वेळ लागतो. टेस्ट बाहेरच्या सर्व्हरशी बोलत असेल तर गोला तो बदल कळत नाही, तिथे -काउंट=१ द्या.

जावात ग्रेडल टेस्ट -टी. स्कालाच्या एसबीटीमध्ये आदेशाआधी नागमोडी चिन्ह लावा, टेस्टक्विकला लावलंत तर फक्त फेल झालेल्या आणि बदलाचा परिणाम झालेल्या टेस्ट धावतात. डॉटनेट वॉच टेस्ट. एलिक्सिरमध्ये मिक्स टेस्ट --स्टेल.

रस्टमध्ये पूर्वी सगळे कार्गो-वॉच सांगायचे. त्याच्या निर्मात्यानेच त्यावरचं काम थांबवून वॉचएक्झेक किंवा बेकनकडे जायला सांगितलंय. नवीन बसवत असाल तर बेकन बघा.

सी-सी++ मध्ये मेकच्या आधी जीसीसीला -एमएमडी -एमपी द्या, म्हणजे हेडरची अवलंबित्वं नोंदली जातात. ते नसेल तर हेडर बदललं, लूप धावलं, मेक म्हणालं 'काही करायचं नाही', आणि जुन्याच बायनरीवर टेस्ट हिरव्या.

---

पडताळा

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा एरर येतोय, डिस्क तर अर्धी रिकामी आहे. वॉच मोड सुरूच होत नाही.

---

उणेएक

@पडताळा, डिस्कचा संबंध नाही. आयनोटिफायचे वॉच संपले की कर्नल हाच एरर देतं. आयनोटिफाय स्वतःहून खालच्या डिरेक्टरींत उतरत नाही, प्रत्येक डिरेक्टरीला वेगळा वॉच लागतो, आणि नोड मॉड्यूल्समध्ये हजारो डिरेक्टरी असतात. जुन्या कर्नलमध्ये एका वापरकर्त्याला ८१९२ वॉच मिळायचे. ५.११ पासून हा आकडा मशीनच्या मेमरीवरून ठरतो.

सध्याची मर्यादा: सिसकंट्रोल (स्पेलिंग एस-वाय-एस-सी-टी-एल) एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युझर_वॉचेस. वाढवायची तर ईटीसीमधल्या सिसकंट्रोल.डी मध्ये एक कॉन्फ फाइल करून त्यात हेच नाव आणि ५२४२८८ लिहा, मग सुडो सिसकंट्रोल --सिस्टिम. एका वॉचला ६४-बिट कर्नलवर साधारण एक किलोबाइट मेमरी लागते, आणि ती वापरलेल्या वॉचनाच. मर्यादा वाढवल्याने लगेच मेमरी जात नाही. ही मर्यादा वापरकर्त्यामागे असते, म्हणून एडिटर, वॉच लूप, फाइल सिंक करणारा प्रोग्राम सगळे त्यातूनच घेतात.

पण आधी यादी छाटा. टेस्टसाठी नोड मॉड्यूल्सवर लक्ष ठेवण्याचं कारणच नाही. वॉचएक्झेकला -डब्ल्यू ने फक्त सोर्स आणि टेस्टच्या डिरेक्टरी द्या.

मॅकवर केक्यू (तिथली बदलाची वर्दी देणारी सोय) वापरणाऱ्या साधनांना याचं भावंड भेटतं. तिथे प्रत्येक फाइलमागे एक उघडा डिस्क्रिप्टर लागतो. शेलमधली नेहमीची मर्यादा २५६ आहे, युलिमिट -एन ने बघता आणि वाढवता येते.

---

शून्यापासून

डॉकरच्या कंटेनरमध्ये वॉच लावलंय, कोड बाहेरून माउंट केलेला. बाहेर सेव्ह केल्यावर आत काहीच हलत नाही. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) मध्येही तेच.

---

काटकोन

आयनोटिफायला फक्त आपल्याच कर्नलमधून झालेले बदल कळतात. नेटवर्कवरून जोडलेली डिरेक्टरी, व्हर्च्युअल मशीनचं शेअर्ड फोल्डर, डब्ल्यूएसएल २ मधला एमएनटी-सी, या सगळीकडे बदल पलीकडच्या सिस्टिमने केलेला असतो. फाइल वाचली तर नवा मजकूर मिळतो, पण 'बदलली' अशी वर्दी येत नाही.

डब्ल्यूएसएलमध्ये खरा उपाय एकच: प्रोजेक्ट लिनक्सच्या होम डिरेक्टरीत ठेवा आणि एडिटर तिकडे जोडा. टेस्टही वेगात धावतात. तसं करता येत नसेल तर पोलिंग. वॉचएक्झेकला --पोल आहे, चोकिडारवर चालणाऱ्या बऱ्याच नोडच्या साधनांना चोकिडार_यूजपोलिंग=१ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल. पोलिंगमध्ये ठरावीक वेळाने सगळ्या फाइल्स तपासल्या जातात, म्हणून यादी मोठी असेल तर पंखा फिरायला लागतो. कंटेनरच्या बाबतीत तिसरा मार्ग आहे. वॉच बाहेर ठेवा आणि त्याला आदेश द्या डॉकर एक्झेकचा. लक्ष बाहेर, टेस्ट आत.

---

अर्धविराम

न संपणाऱ्या लूपबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. टेस्ट धावते, संपते, कुणी हात न लावता पुन्हा धावते. कारण नेहमी एकच: टेस्ट स्वतःच लक्ष असलेल्या जागी काहीतरी लिहिते. स्नॅपशॉट, कव्हरेजचा रिपोर्ट, लॉग, तात्पुरती डेटाबेस फाइल. गुन्हेगार शोधायला आयनोटिफायवेट -एम लावा आणि टेस्ट हाताने एकदा चालवा, नाव समोर येईल. मग ती फाइल दुर्लक्ष-यादीत टाका किंवा टेस्टला पायटेस्टचं टीएमपी_पाथ वापरायला लावा.

पायथॉनचं पायकॅशही यात येतं, आणि त्याच्यामागे याहून मोठी गोष्ट दडलीये. पायथॉन कंपाइल केलेला बाइटकोड साठवताना सोर्स फाइलची वेळ आणि आकार नोंदवतं. वेळ पूर्ण सेकंदांत. दोन्ही जुळले तर सोर्स पुन्हा वाचत नाही. आता समजा सेव्ह केलं, लूपने लगेच टेस्ट चालवली, बाइटकोड साठला, आणि त्याच सेकंदात तुम्ही अधिकचं चिन्ह बदलून उणे केलं आणि सेव्ह केलं. आकार तोच, सेकंद तोच. पायथॉन जुना बाइटकोड वापरतं. फाइलमध्ये उणे दिसतंय, टेस्ट अधिकप्रमाणे वागतेय, आणि पुन्हा चालवली तरी तसंच. हाताने टेस्ट चालवताना एका सेकंदात हे होणं अवघड. लूपमध्ये, आणि त्यात फॉर्मॅटर सेव्हनंतर फाइल पुन्हा लिहीत असेल तर, सहज होतं.

उपाय: लूप सुरू करताना पायथॉनडोन्टराइटबाइटकोड=१. पायटेस्टही हे पाळतं. बसवलेल्या लायब्ररींचा आधीचा बाइटकोड वाचला जातोच, फक्त तुमचा कोड दरवेळी नव्याने कंपाइल होतो. त्याला लागणारा वेळ जाणवतही नाही.

---

कंसातला

एक वेगळं मत. सेव्ह केल्या केल्या टेस्ट नको. अर्धवट फंक्शन लिहिलेलं असतं, समोर लाल दिसतं आणि विचार तुटतो. त्यातून एडिटरमध्ये ऑटोसेव्ह चालू असेल तर विचारायलाच नको.

---

मूळपान

@कंसातला, ऑटोसेव्हबद्दल पूर्ण सहमत. व्हीएस कोडमध्ये 'आफ्टर डिले' चालू असेल तर हात थांबल्यावर १००० मिलिसेकंदांत फाइल लिहिली जाते, आणि त्या वेळी वाक्यरचनाही पूर्ण नसते. लूप वापरायचं तर ऑटोसेव्ह बंद, किंवा फक्त खिडकी सोडताना. सेव्ह ही आपण मुद्दाम केलेली कृती राहायला हवी.

विचार तुटण्याबद्दल मात्र वेगळं वाटतं. एमआयटीत डेव्हिड सॅफ आणि मायकेल अर्न्स्ट यांनी २००३-०४ मध्ये नेमका हा प्रयोग विद्यार्थ्यांवर केला. आपोआप टेस्ट चालणाऱ्या गटातले जास्त जण काम वेळेत पुरं करू शकले, आणि त्यांना ते व्यत्यय आणणारं वाटलं नाही. आउटपुट किती आणि कुठे दिसतो यावर बरंच अवलंबून आहे. टीमक्समध्ये (टर्मिनलचे भाग करणारं साधन) खाली आठ-दहा ओळींची पट्टी, पायटेस्टला -क्यू --टीबी=शॉर्ट, एवढंच. लाल दिसलं तरी वाचायची सक्ती नाही.

लांबलचक आउटपुट हेड किंवा टेलने कापत असाल तर दोन गोष्टी होतात. पाइप आला की रंग जातात, म्हणून --कलर=येस द्या. आणि पाइपच्या शेवटच्या आदेशाचा एक्झिट कोड मिळतो. टेल नेहमी यशस्वी, म्हणजे फेल झालेल्या टेस्टलाही 'पास' असं नोटिफिकेशन. बॅशमध्ये सेट -ओ पाइपफेल लावा.

नोटिफिकेशन फक्त फेललाच द्या: टेस्टचा आदेश, दोन उभ्या रेघा, मग लिनक्सवर नोटिफाय-सेंड. पायटेस्टचा एक्झिट कोड ५ आला तर टेस्टच सापडल्या नाहीत असा अर्थ. टेस्ट फाइलचं नाव पायटेस्टच्या पद्धतीत बसत नसेल किंवा मार्करने सगळ्याच गाळल्या की हे होतं. त्याला फेलपासून वेगळा संदेश द्यावा.

---

कंसातला

छोटी पट्टी पटली. पण मग निदान सगळ्या टेस्ट नकोत. ज्या फाइलवर काम चालू आहे तिचीच टेस्ट लावता येईल का?

---

अर्धविराम

येते. एन्टरच्या आदेशात तिरपी रेघ आणि अंडरस्कोर असं जोडचिन्ह लिहिलं की त्या जागी बदललेल्या फाइलचा पूर्ण पाथ येतो. तो एका छोट्या शेल स्क्रिप्टला द्या. स्क्रिप्टमध्ये बेसनेमने नाव काढा आणि केस लावा: नाव 'टेस्ट_' ने सुरू होत असेल तर तीच फाइल पायटेस्टला द्या, नसेल तर टेस्ट्स डिरेक्टरीत त्याच नावाआधी 'टेस्ट_' लावून शोधा. ती फाइल नसेल तर सगळ्या टेस्ट चालवा. ही शेवटची शाखा गाळू नका. कॉन्फटेस्ट किंवा सेटिंग्जची फाइल बदलली की तिचा परिणाम सगळीकडे होतो.

एन्टरला -पी सुद्धा द्या. पहिला बदल होईपर्यंत ते काही चालवत नाही. नाहीतर सुरुवातीलाच यादीतल्या कुठल्यातरी फाइलची टेस्ट धावते.

---

पडताळा

मर्यादा ५२४२८८ केली, -डब्ल्यू ने दोनच डिरेक्टरी दिल्या, वॉच सुरू झालं. धन्यवाद उणेएक. आता उलटा प्रश्न: लूपमध्ये सगळं हिरवं, आणि सगळ्या टेस्ट एकत्र चालवल्या की दोन फेल.

---

काटकोन

बहुतेक त्या टेस्ट एकमेकींवर अवलंबून आहेत. एकीने ग्लोबल व्हेरिएबल, एन्व्हायरन्मेंट किंवा सिंगलटन बदललं आणि मागे तसंच सोडलं. लूपमध्ये त्या एकत्र धावतच नाहीत, म्हणून दिसत नाही. पायटेस्ट-रँडमली बसवा. ते क्रम विस्कटतं आणि वापरलेलं सीड (तो क्रम ठरवणारा आकडा) वर छापतं. तेच सीड --रँडमली-सीड= पुढे पुन्हा दिलं की तोच क्रम मिळतो. मग संशयित टेस्ट दोन-दोन करून चालवा. एन्व्हायरन्मेंट बदलणारी सापडली तर थेट बदलण्याऐवजी मंकीपॅच फिक्स्चर वापरा, टेस्ट संपली की तो मूळ किंमत परत ठेवतो.

आणि सगळ्या टेस्ट चालवायची जागा म्हणजे गिटचं प्री-पुश हुक. लूप निवडक टेस्टचं, हुक सगळ्यांचं. हुकने शून्याखेरीज कोड दिला की पुश थांबतो. हुकच्या फाइलला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका, नसेल तर गिट ती चालवतच नाही.

---

रिकामीओळ

बॅकअपकॉपी=येस केल्यावर ४९१३ येणंच बंद झालं, आणि क्लोज_राइट,मूव्ह्ड_टू ठेवल्यावर एका सेव्हमागे एकच धाव. नागमोडीवाली फाइल अजून बनते आणि पुसली जाते, ती एक्स्क्लूडमध्ये घातली. आतलं रीड -टी ०.२ ठेवलंच आहे, 'रिप्लेस ऑल'साठी.